न पेरलेले फळ आणि राखणीचा धर्म

जे झाड कोणी लावले नाही, ज्याला कोणी पाणी घातले नाही आणि तरीही जे दर वर्षी नेमाने फळते, त्याच्या फळावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आज कायद्याचा वाटत असला तरी भारतीय धर्मविचारात तो प्रथम चोरीच्या, म्हणजे पापपुण्याच्या, विवेचनात आला. त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो : अशा रानच्या झाडाची कोणी निगा राखू लागला, त्याची वाळकी फांदी छाटली, त्याच्या बियांपासून रोपे केली आणि ती आपल्या बांधावर लावून वाढवली, तर त्या निगेमुळे तो फळाचा मालक होतो की राखणदार? रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांत हे दोन्ही प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. दान आणि झाडाची सेवा यांविषयी विसाव्या शतकात स्वतंत्र विचार मांडणारे दोन पुरुष याच दोन तालुक्यांत जन्मले, आणि ज्या फळामुळे हे प्रश्न तेथे अद्याप मिटलेले नाहीत ते करवंद तेथील डोंगरउतारांवर कोणी न पेरता पिकते.

युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हाच विषय तेथील देशी लाल रासबेरीच्या निमित्ताने मांडता येईल. गुलाबाच्या कुळातील या काटेरी झुडपाचे मूळ अनेक वर्षे जगते, पण त्यातून वर येणारा प्रत्येक दांडा सामान्यतः दोनच वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी तो पाने धरतो, दुसऱ्या वर्षी फळतो आणि मग वाळतो, म्हणून फळे उतरल्यावर जुना दांडा जमिनीलगत कापून नव्याला जागा करून देणे हा तिच्या निगेचा मुख्य भाग ठरतो. तिला कडक हिवाळा लागत असल्याने कोकणात तिला थारा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरासारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या थंड प्रदेशात, तिच्याच जातकुळीतील गौरीफळ आढळते. त्याचे फळ आधी तांबडे असते आणि पिकल्यावर काळे होते. पेण-रोह्याच्या उष्ण, सखल आणि पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या टेकड्यांवर मात्र ही जागा करवंदीने घेतली आहे. करवंदी कण्हेरीच्या कुळातली, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने रासबेरीशी तिचे काहीच नाते नाही. तरी काटे, रानाच्या आणि शेताच्या कडेला वाढण्याची सवय, पक्ष्यांकडून होणारी पेरणी आणि तोडल्यावर फार न टिकणारे मऊ फळ ही लक्षणे दोघींत समान आहेत, आणि प्रस्तुत प्रश्नाला महत्त्व आहे ते याच लक्षणांचे.

करवंदी ज्या जमिनीवर वाढते तिचे स्वरूप समजल्याशिवाय हक्काचा प्रश्न कळत नाही. खाचराच्या भातशेतीला जोडून असलेली डोंगरउताराची वरकस जमीन, जिच्यावर गवत, नाचणी आणि वरी येते व जिच्यावरील झाडांचा पाला राबासाठी, म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफा भाजण्यासाठी, तोडला जातो, गावाचे गुरचरण, शेताचे बांध, आणि वनखात्याचे राखीव जंगल, अशा चार प्रकारच्या जमिनींवर करवंदीच्या जाळ्या सारख्याच मोकळेपणाने पसरलेल्या असतात. जाळीला सातबाऱ्याची रेघ कळत नाही. हिवाळा सरता सरता तिला पांढरी सुवासिक फुले येतात, चैत्रात हिरवी करवंदे लोणच्यासाठी काढली जातात आणि वैशाखापासून पहिल्या पावसापर्यंत काळी, पिकलेली करवंदे उतरतात. ती काढण्याचे काम मुख्यतः कातकरी आणि ठाकूर समाजांतील स्त्रिया व मुले करतात, आणि पानांच्या द्रोणांत भरून पेण, नागोठणे, कोलाड, रोहा येथील बाजारांत व मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला विकतात. ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नाही अशा कुटुंबांना शेतीची कामे बंद असलेल्या दिवसांत या विक्रीचा आधार असतो. ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे वटपौर्णिमेला, कोकणातील सुवासिनी आंबा, फणस, जांभूळ यांच्या जोडीने जे करवंद वाणात ठेवतात, तेही बहुधा याच द्रोणांतून आलेले असते.

धर्मशास्त्राने या फळाचा विचार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरीचे प्रकार आणि त्यांचे दंड सांगताना वृक्षवनस्पतींची मुळे व फळे, अग्नीसाठी लाकूड आणि गाईसाठी गवत घेणे ही चोरी नव्हे, असा अपवाद दिला आहे. अपवादाची जागा लक्षात घेण्यासारखी आहे : दानाच्या किंवा दयेच्या प्रकरणात तो आलेला नसून दंडविधानाच्या मध्यभागी आला आहे, म्हणजे घेणाऱ्यावर कोणी उपकार करीत नाही, त्याचा अपराधच होत नाही. त्याहून जुन्या मानल्या जाणाऱ्या गौतमधर्मसूत्रात हीच मुभा एका अटीसह सांगितली आहे. गवत, सरपण आणि वेलीवृक्षांची फुले आपलीच समजून घ्यावीत, असे म्हणून सूत्रकार फळांच्या बाबतीत ती कुंपण घातलेली नसावीत, एवढे जोडतो. हक्काचा सगळा भार अशा रीतीने कुंपणावर आला. ज्याने कुंपण घातले त्याने, निदान फळापुरता, इतरांचा हात थांबवला. ज्याने घातले नाही त्याचे फळ सर्वांचे राहिले.

करवंदीच्या बाबतीत हा नियम चमत्कारिक अडचणीत सापडतो, कारण कोकणात करवंदी स्वतःच कुंपण आहे. तिची दुहेरी काट्यांची, सदाहरित आणि गुंतागुंतीची जाळी गुरांना व रानडुकरांना अडवते, म्हणून शेतकरी ती बांधावर मुद्दाम राखतात किंवा लावतात. मनूने कुंपण असे असावे की उंटाला वरून पाहता येऊ नये आणि कुत्र्याडुकराचे तोंड आत शिरू नये, असे वर्णन केले आहे. उंट कोकणात नसला तरी उरलेली अपेक्षा करवंदी पुरी करते. पण कुंपणच फळू लागले तर ते फळ कुंपणाच्या आतले की बाहेरचे? तिच्या अर्ध्या फांद्या शेताकडे झुकलेल्या असतात आणि अर्ध्या वाटेकडे, शिवाय मुळे बांधाखालून दोन्हीकडे पसरलेली असतात. गावांतून या प्रश्नाला व्यवहाराने दिलेले उत्तर असे की, वाटेकडच्या बाजूची करवंदे येणारा-जाणारा खातो आणि त्याबद्दल कोणी कोणाला हटकत नाही. सूत्रकाराच्या नियमाला या रिवाजाने बाध येत नाही, उलट त्याला सीमेवरच्या फळापर्यंत नेले जाते. फळ राखण्यासाठी घातलेले कुंपण आणि स्वतः फळणारे कुंपण यांत हा रिवाज भेद करतो, आणि हा भेद शास्त्रकारांनी केला नसला तरी त्यांच्या भूमिकेशी तो सुसंगत आहे.

मालकीचे दुसरे मूळ श्रमात शोधले जाते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, शेत ज्याने खुंट उपटून साफ केले त्याचे आणि हरीण ज्याचा बाण त्याला प्रथम लागला त्याचे, असे जुन्या जाणकारांचे मत नोंदवले आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यसंस्थेवरील दुसऱ्या प्रबंधात हीच भूमिका सविस्तर मांडली, आणि त्याने घेतलेले उदाहरण शेताचे नव्हते, रानच्या फळाचे होते : ओकच्या झाडाखाली वेचलेली ओकफळे किंवा जंगलात तोडलेली सफरचंदे ही वेचण्याच्या श्रमाने वेचणाऱ्याची होतात, कारण त्याचा श्रम त्यांत मिसळलेला असतो. मात्र लॉकने दोन मर्यादा घातल्या, आणि त्याच्या मताचा आधार घेणारे पुष्कळदा त्या विसरतात. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, आणि घेतलेले सडून वाया जाता कामा नये. सोन्यानाण्याला दुसरी मर्यादा लागू पडत नाही, हे लॉकलाही ठाऊक होते. करवंदाला आणि रासबेरीला ती निसर्गानेच लावलेली आहे. दोन दिवसांत आंबणाऱ्या फळाचा साठा करता येत नाही, म्हणून ते खाल्ले तरी जाते, दिले तरी जाते किंवा विकले तरी जाते. श्रमाचा सिद्धान्त शेवटपर्यंत नेला तर त्यातून निघते ते हे की, काट्यांत हात घालून करवंद काढणाऱ्या कातकरी स्त्रीचा त्या फळावर जितका हक्क पोचतो तितका जमिनीच्या कागदावर नाव असलेल्याचा पोचत नाही.

यापुढचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. भारतीय परंपरेने नांगराने पिकवलेल्या आणि न नांगरता आलेल्या अन्नात केवळ मालकीचा भेद मानलेला नाही, तर पावित्र्याचाही मानला आहे. नांगरलेल्या जमिनीत आलेले ते कृष्ट आणि आपोआप उगवलेले ते अकृष्ट. वानप्रस्थाने, म्हणजे गृहस्थाश्रम सोडून वनात गेलेल्याने, नांगराच्या शेतातले धान्य कोणी टाकून दिलेले असले तरी खाऊ नये, असा मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाचा दंडक आहे. हा दंडक ग्रंथापुरता राहिला नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीचे व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या कष्टाचे अन्न खात नाहीत आणि परसात किंवा रानात आलेल्या पाल्याफळांची ऋषीची भाजी करतात. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणमध्ये आदल्या दिवसाच्या मोदकांनंतर ही भाजी रांधली जाते. रामायणाच्या अरण्यकांडातील शबरीने पंपेच्या काठचे जे काही रामाला दिले तेही वन्य, म्हणजे रानात आपोआप आलेले, होते. ते चाखून देण्याचा प्रसंग वाल्मीकीत नाही, तो पुढच्या परंपरेने घातला, पण देणारी रानातली आणि दिलेले रानचे, हा मूळ कथेतलाच भाग आहे. अकृष्ट अन्नाला हे पावित्र्य का मिळाले असावे याचे उत्तर त्यागाच्या अंगाने द्यावे लागते. ज्या अन्नासाठी बैलाच्या मानेवर जू ठेवले नाही, जमिनीतले जीव चिरडले नाहीत आणि ज्यावर आपला हक्क सांगता येत नाही, ते खाताना माणूस घेणारा होतो, आणि घेणारा आहोत ही जाणीव अहंकाराला आवर घालते.

असे असेल तर करवंद बागेत आणल्याने ते कृष्ट होऊन त्याचे पावित्र्य जाते काय? शुद्ध रानप्रेमी याला होय म्हणेल. पण त्याच्या उत्तरात एक सोय दडलेली आहे. रानचे फळ रानातच राहू द्यावे असे म्हणणाऱ्याला रान टिकवण्याची जबाबदारी घ्यावी लागत नाही, आणि पेण-रोह्याचे रान आज स्वतःच्या बळावर टिकलेले नाही. माघ-फाल्गुनात लावले जाणारे वणवे फुलावर आलेल्या जाळ्या जाळून टाकतात. मुळाकडून जाळी पुन्हा फुटते, परंतु त्या वर्षीचे फळ गेलेले असते आणि दर वर्षी जळणारी जाळी फळण्याइतकी मोठी होत नाही. वरकस जमिनी विकल्या गेल्या की पहिल्यांदा जेसीबी यंत्राने जाळ्या उपटल्या जातात आणि त्यांच्या जागी तारेचे कुंपण येते. अशा स्थितीत निगा न राखणे हे वैराग्य म्हणता येत नाही.

निगेचे काम तसे अवघड नाही, पण त्याला काळवेळ आहे. करवंदाचे बी फार काळ जिवंत राहत नाही, म्हणून पूर्ण पिकलेल्या फळातले बी गर धुऊन काढून लगेच, म्हणजे मृगाच्या सुमारास, पिशवीत किंवा वाफ्यात रुजवावे लागते आणि रोपे पुढच्या पावसाळ्यात जागेवर लावावी लागतात. पाणी साचणारी जागा करवंदीला मानवत नाही. उतार, कातळाजवळची मुरमाड जमीन आणि भरपूर ऊन एवढे मिळाले की खताची आणि उन्हाळी पाण्याची गरज पहिल्या एक-दोन वर्षांनंतर जवळजवळ राहत नाही. बियांपासूनचे झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागते. गुटी कलमानेही, म्हणजे फांदीची साल काढून तेथे ओलसर शेवाळ बांधून मुळे फुटवण्याच्या रीतीने, रोपे करता येतात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाचा मोठ्या फळांचा वाण लागवडीसाठी दिलेला आहे. तरीही कुंपणासाठी आणि पाखरांसाठी आसपासच्या जाळ्यांतलेच बी घेणे बरे. त्या डोंगराचा पाऊस, तेथला कातळ आणि तेथले कीटक यांच्याशी त्या बियांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते. फळे संपल्यावर वाळक्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढल्या की आत उजेड शिरतो आणि नवी फूट जोमाने येते. छाटताना चीक अंगावर येतो आणि काटे लागतात, म्हणून कोयता लांब दांड्याचा असावा.

छाटणीपाशी अहिंसेचा प्रश्न येतोच, आणि तो टाळणे योग्य नाही. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात वनस्पतींना अंतःसंज्ञा, म्हणजे आत दडलेली जाणीव, असते आणि त्या सुखदुःखाने युक्त असतात, असे म्हटले आहे. अकराव्या अध्यायात फळझाडे, झुडपे आणि वेली तोडल्याबद्दल ऋचांच्या जपाचे प्रायश्चित्त सांगितले असून, शेतात पेरलेल्या असोत की रानात आपोआप उगवलेल्या असोत, वनस्पती निष्कारण तोडणाऱ्याने एक दिवस दुधावर राहून गाईच्या मागे फिरावे, असेही सांगितले आहे. निष्कारण हा शब्द त्या विधानाचा कणा आहे. वाळलेली फांदी झाडासाठी काढणे आणि फळ काढायला सोपे जावे म्हणून हिरवी फांदी मोडणे या दोन कृती कोयत्याच्या दृष्टीने सारख्या असल्या तरी हेतूच्या दृष्टीने सारख्या नाहीत. जैन परंपरेने हा भेद सहा वाटसरूंच्या दृष्टान्ताने फार नेमका दाखवला आहे. फळांनी लदलेले जांभळाचे झाड पाहून एकाला ते मुळापासून तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस तोडावेसे वाटतात, पाचवा पिकलेली फळेच तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली वेचून घेतो. भूक सहा जणांची एकच आहे, आणि त्यांच्या चित्तवृत्तीची, म्हणजे जैन परिभाषेतील लेश्येची, प्रत मात्र काळ्यापासून शुभ्रापर्यंत बदलते. वैशाखात कोणत्याही जाळीपाशी थांबून या सहांपैकी बहुतेक जण पाहता येतात. दृष्टान्तात सातवा मनुष्य नाही, जो फळ संपल्यावर परत येऊन झाडाची वाळकी फांदी काढतो. संन्यासाकडे झुकलेल्या परंपरेला त्याची गरज भासली नसावी, पण शेतीवर जगणाऱ्या समाजाला ती आहे.

हा सातवा मनुष्य कसा असावा याचा विचार पेण-रोह्यातील ज्या दोन पुरुषांनी केला ते विनोबा भावे आणि पांडुरंगशास्त्री आठवले. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या डोंगरपायथ्याच्या गावी झाला. अंगणातल्या फणसाचे गरे आईने आधी पानांवर घालून शेजारच्या घरोघरी पाठवले आणि मगच मुलांना खायला दिले, ही बालपणाची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे सुरू झालेल्या भूदानाची वृत्ती त्या फणसापाशी घडली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. भूदानाच्या थोडे आधी पवनारच्या आश्रमात त्यांनी ऋषिशेतीचा, म्हणजे बैलांवाचून केवळ हाताच्या श्रमाने करायच्या शेतीचा, प्रयोग केला. ऋषिपंचमीच्या एका दिवसाच्या व्रतात जी कल्पना सामावलेली आहे ती रोजच्या जगण्यात आणण्याचा तो प्रयत्न होता, असे त्याकडे पाहता येते.

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यास झाला. भगवद्गीतेच्या आधारावर उभ्या केलेल्या स्वाध्याय परिवारातून त्यांनी योगेश्वर कृषी आणि वृक्षमंदिर असे दोन प्रयोग चालवले. पहिल्यात गावकरी पाळीपाळीने भगवंताच्या मानलेल्या शेतात राबतात. दुसऱ्यात उपवन हेच मंदिर, झाड हीच मूर्ती आणि आसपासच्या गावांतून काही दिवसांसाठी राहायला येणारे स्वाध्यायी हे पुजारी. पहिले वृक्षमंदिर १९७९ मध्ये सौराष्ट्रात उभे राहिले. तेथील उत्पन्नाला आठवले यांनी अपौरुषेय लक्ष्मी म्हटले : कोणा एका माणसाची नसलेली संपत्ती, जी गरजूंकडे जाताना दान म्हणून जात नाही, प्रसाद म्हणून जाते, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. पाणी घालणे, आळे करणे, छाटणे ही त्या मंदिरातली पूजा. मळ्यातल्या कामालाच भक्ती मानणाऱ्या अरणच्या संत सावता माळ्यांची परंपरा येथे सामूहिक रूप घेते.

या दोन्ही विचारांनी राखणदाराला मालकीपासून सोडवले, हे त्यांचे मोठेपण. तरी करवंदीच्या जाळीपाशी दोन्ही थोडे अपुरे पडतात. भूदानाला आधी एक मालक लागतो, ज्याने दिलेच पाहिजे. जे कोणाचेच नव्हते ते देणार कोण? आणि वृक्षमंदिरातली झाडे लावलेली असतात, तेथला पुजारी आपल्या उदरनिर्वाहाची सोय घरी ठेवून आलेला असतो. कातकरी स्त्री मात्र करवंद प्रसाद म्हणून वाटू शकत नाही, तिला ते विकावे लागते, आणि तिने द्रोणाला मागितलेल्या पैशांत फळाची किंमत फारशी नसते. ती काट्यांची, उन्हाची आणि डोक्यावरच्या पाटीची मजुरी असते. तिच्या विक्रीला व्यापार म्हणून कमी लेखायचे आणि बागाईतदाराच्या दानाला धर्म म्हणून गौरवायचे, हा अन्याय धार्मिक भाषेत बोलला म्हणून न्याय्य होत नाही. भगवद्गीतेचा तिसरा अध्याय देवांनी दिलेले त्यांना परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हणतो. या कसोटीवर चोर कोण ठरतो, हे पाहताना जाळी उपटणारा आधी आठवावा.

इंग्रजी अमलात चोरीची व्याख्याच उलटली. मनूने जे चोरीतून वगळले होते तेच वनकायद्यांनी अपराधात घातले; १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलातले फळ, फूल आणि पान यांनाही वनोपज ठरवून राखीव वनातून ते परवानगीशिवाय नेण्यास बंदी केली. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत राबाच्या पाल्यावरील निर्बंधांनी एवढा असंतोष माजला होता की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला होता. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यातील चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात शेतकरी आणि आदिवासी एकत्र उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर, म्हणजे लाकडाखेरीजच्या वनस्पतिजन्य वस्तूंवर, वननिवासींची मालकी मान्य केली, आणि मनूचा अपवाद निराळ्या भाषेत कायद्यात परत आला. रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे तेथील कातकऱ्यांना, ज्यांची गणना महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते, अशा अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याचे संरक्षण मिळत नाही आणि वनहक्क कायद्याचेच महत्त्व अधिक वाढते. हा कायदा वनजमिनीपुरता चालतो. खासगी वरकसातली आणि बांधावरची जाळी पूर्वीसारखीच रिवाजाच्या भरवशावर आहे.

रिवाजाचे आणखी एक रूप देवराईत दिसते, जेथे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून कौल लावल्याशिवाय पडलेले लाकूडही नेत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील अशा राईंचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवराईने झाडे वाचवली, हे निर्विवाद. परंतु हात न लावणे हाच एकमेव धर्म मानला तर रान दोन भागांत तुटते : देवाचे तेवढे जपायचे आणि उरलेले ओरबाडायचे. करवंदीला देवराईची गरज नाही, तिला वापरातली राखण हवी. वणवा न लावणे, चैत्रात सगळीच हिरवी फळे लोणच्यासाठी न ओढणे, शेंड्याकडची पिकलेली फळे बुलबुलांसाठी, कोल्ह्यांसाठी व उदमांजरांसाठी सोडणे, कारण पुढची जाळी कोठे उगवणार हे तेच ठरवतात, आणि वाळके छाटून नव्याला जागा करून देणे, एवढे त्या राखणीत येते. हे करणाऱ्याला फळ खाण्याचा, विकण्याचाही, अधिकार आहे. दुसऱ्याला हाकलण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. शास्त्रकारांचा अपवाद, लॉकच्या मर्यादा आणि विनोबा-आठवल्यांचा मालकीत्याग एकत्र वाचले असता हाच निर्णय द्यावा लागतो.

पेण आणि रोहा तालुक्यांत ज्यांनी नव्याने जमिनी घेतल्या आहेत आणि ज्यांच्या हद्दीवर अजून करवंदीची जाळी उभी आहे, त्यांनी तारेचे कुंपण घालायचेच असेल तर ते जाळीच्या आतल्या बाजूने घालावे, आणि वैशाखात पाटी घेऊन येणाऱ्या बाईला वाट मोकळी ठेवावी.